मसुदा सहावा

प्रश्न चौदावा मी नारिनमध्ये बसून लिहिला,
कोळशाच्या शेगडीला पाय लावून:
"तुमच्या घरी पाणी आणि वीज नियमित येते का?"
मला वाटलं, सरळ आहे.
एर्मेक तो घेऊन खिंडीपलीकडे गेला
आणि अंधार पडल्यावर परतला, बुरुल आपांचं उत्तर घेऊन:
"पाणी ओढ्याला, वीज तारेला.
त्या दोघांची गाठ तुम्ही कशाला मारलीत?"

गाठ सोडवली. चौदा अ. चौदा ब.

"गेल्या बारा महिन्यांत" हे शब्दही गेले.
वरच्या कुरणांवर बारा महिने नसतातच.
मेंढ्या वितात तो काळ असतो,
तंबू वर चढतात तो, खाली उतरतात तो,
आणि उरलेला सगळा बर्फ.
"मागच्या खेपेला कळप खाली आला, तेव्हापासून"
असं विचारलं, तर माणसं डोळे बारीक करून
खरोखरच मागे बघू लागली.

"तुम्हांला असं वाटत नाही का, की"
अशी सुरू होणारी चार वाक्यं माझीच होती.
ती विचारत नव्हती,
होकाराला बखोटीला धरून आणत होती.
एका दुपारी सगळी उपटली.
हात बराच वेळ हिरवे वाटत राहिले.

मग समाधानाचे पाच टप्पे,
अतिशय समाधानी ते अतिशय असमाधानी.
आमच्याकडे माणूस म्हणतो, "वाईट नाही."
लग्नात तेच, घोडा मेल्यावरही तेच.
एर्मेकने खिशातून पाच सुके जर्दाळू काढले,
टेबलावर ओळीने मांडले:
दवाखान्याला यातले किती द्याल?
तुर्दुकान म्हाताऱ्याने तीन पुढे सारले,
जरा थांबला, एक मागे ओढला,
तोंडात टाकला
आणि म्हणाला, डॉक्टर बदलला की ये.
आम्ही दोन लिहिले.
समासात: एक खाल्ला.

"इतर, नमूद करा" याच्या पुढची रेघ
मी लांबवली. कागद महाग आहे, मान्य.
पण दोन बोटांच्या रेघेवर
लोक दोन बोटांएवढंच बोलतात.

आणि पहिला प्रश्न. सगळ्यांत सोपा, म्हणून पहिला.
"काल रात्री या घरात कोणकोण झोपलं होतं?"
केन्जेगुलने सांगितलं:
सासू. सासरे. दोन मुलं.
दीर, तो रशियात असतो, पण अंथरूण घातलेलं असतं.
चुलीजवळ आठ दिवसांचं कोकरू, त्याची आई गेली.
एर्मेकने कोकरू खोडलं.
दिरावरून आमचा वाद झाला, तो वेगळा.
बाकी बेरीज बरोबर आहे, तो म्हणाला.

चहा कोणी ओतला तुला? मी विचारलं.

तिनेच.

मग यादीत कुठे आहे ती?

त्याने कागद उलटून पाहिला.
मागे काहीच नव्हतं.

रात्री जुने फॉर्म काढले. अठ्ठावीस घरं.
अकरा घरांत, दार उघडून, आत बसवून,
पाऊण तास उत्तरं देणारी बाई
घरात झोपलीच नव्हती.
आणि पाचही मसुद्यांवर तपासले म्हणून सही
माझी.

आता सहाव्या मसुद्यात पहिल्या प्रश्नाखाली
दोनच शब्द आहेत: "आणि तुम्ही?"
बिश्केकहून शेरा आलाय, लाल अक्षरांत:
अनावश्यक. एक ओळ वाचेल. काढावा?
खाली दोन चौकटी, होय आणि नाही.
मी पेन्सिलीने शेजारी तिसरी आखते आहे,
तिच्यात काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.

एर्मेक पहाटे पुन्हा निघेल.
या वेळी सहा जर्दाळू दिलेत त्याला,
एक खाण्यासाठी.